साप पाळायचा की सापाचा धंदा करायचा? पडेगावच्या एका पोराची गोष्ट आणि पूर्ण हिशोब



आपल्या चॅनेलवर नेहमी शेळीपालन, गावरान कोंबडी, मसाला कांडप, पापड-शेवया असे विषय असतात. आजचा विषय साप आहे. हसू नका. या विषयात एका घराचे 1 लाख 20 हजार रुपये जाता जाता वाचले, आणि त्यानंतर हाच प्रश्न मला आणखी चार-पाच जणांनी विचारला. म्हणून व्हिडिओत जे घाईघाईत सांगितलं, ते इथं नीट हिशोबासकट लिहितोय.

मायलेकाचं भांडण

पडेगाव म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरचा पश्चिमेचा टोकाचा भाग. छावणी ओलांडली की दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागतो तो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र इथंच आहे, त्यामुळे शेळीपालनाची चौकशी करत येणारी माणसं इकडे नवीन नाहीत. गेल्या पावसाळ्यात माझ्या शेळीपालनाच्या बॅचला एक ताई आल्या. सोबत बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, वाळूजला कंपनीत कामाला. दिवसभर दोघं गप्प बसले. बॅच सुटली तशा ताई पुढं आल्या.

"सर, लेकरू म्हणायलंय, शेळ्या नको, सापाचा धंदा करतो. गटाचे पैसे मागायलंय. तुम्हीच सांगा आता याला."

मला वाटलं मांडुळाचं काही असेल. मांडुळाला दोन तोंडं असतात, त्याला कोटीची किंमत येते, हे ऐकून आपल्या महाराष्ट्रात किती माणसं फसली आणि किती आत गेली, हे पेपरात वाचतोच आपण. पण पोरगं म्हणालं, "नाही सर, मांडूळ इल्लीगल असतं, मला माहितीये. हा कॉर्न स्नेक आहे. अमेरिकेचा. बिनविषारी. माझ्याकडं एक आहे दीड वर्षापासून."

आणि त्यानं मोबाईल काढून दाखवला. नारिंगी अंगावर लालसर ठिपके, त्यांना काळी कड. खरं सांगतो, दिसायला देखणा होता.

एका विक्रेत्यानं त्याला योजना दिली होती. 1 लाख 20 हजारात दोन जोड्या. मादी वर्षाला अंडी देणार, पिल्लं कंपनीच परत घेणार, एका पिल्लाचे 8 हजार. ॲग्रीमेंट करून देणार. पैसे बचत गटाच्या कर्जातून काढायचे, म्हणजे सही आईची.

त्या दिवशी मी "नको" म्हणालो नाही. कारण नुसतं नको म्हटलेलं तरुण पोरं ऐकत नाहीत. मी म्हणालो, "आधी मला हे सांग, तुला याचा नाद लागला कसा?"

ही आवड लागते कशी?

त्यानं जे सांगितलं, आणि नंतर मी इतर पाळणाऱ्यांशी बोललो तेव्हा जे कळलं, त्यावरून मला साधारण तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट सर्पमित्रांची. आपल्याकडं ही परंपरा मोठी आहे. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसोबत 72 तास काढले, आणि पुढं 1986 साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. त्यांच्याकडं बघून महाराष्ट्रात गावोगाव पोरं साप ओळखायला शिकली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी, धामण आणि दिवड बिनविषारी, हे गावाला सांगू लागली. आपल्या शहरातल्या पोरांनी साप पहिल्यांदा जवळून पाहिला तो बहुतेक सिद्धार्थ उद्यानातल्या सर्पालयात, काचेला नाक लावून. ज्याला तिथं भीतीऐवजी कुतूहल वाटलं, तो पुढं या वाटेला लागतो.

दुसरी वाट फिश टँकची. आधी घरात मासे येतात. मग गालावर लाल पट्टी असलेलं रुपयाएवढं कासवाचं पिल्लू. मग लव्हबर्ड. मग कुणाच्या तरी घरी इग्वाना दिसतो, आणि "आता पुढं काय?" असं होतं. ही माणसं मुळात टँक सजवणारी असतात. पाणी, उजेड, तापमान यांचा त्यांना आधीच नाद असतो.

तिसरी वाट मोबाईलची. लॉकडाऊनमध्ये ही वाट फार रुंद झाली. पोरगं रात्रपाळी करून येतं, झोप लागत नाही, स्क्रीनवर कुणीतरी हातावर रंगीत साप खेळवतंय. साप भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही, आठवड्यातून एकदा खातो. एक-दोन खोल्यांत राहणाऱ्याला हे परवडण्यासारखं वाटतं. आपला मुलगा याच वाटेनं आला. पुण्यातल्या एका मित्राला परदेशी जायचं होतं, त्याचा साप यानं घेतला. चांगली गोष्ट ही की मित्राकडं मूळ खरेदीचं बिल होतं आणि यानं साप ताब्यात घेतल्याचं लिहून घेतलं होतं.

वाट कुठलीही असो, एक गोष्ट सगळ्यांत सारखी दिसली. पहिला साप घेताना माणूस रंग बघून घेतो. पाळणारा मात्र तो त्यानंतरच्या वर्षात होतो, किंवा होत नाही.

कॉर्न स्नेक म्हणजे नेमका कोण?

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिथल्या मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागं यायचा म्हणून नाव पडलं, असं सांगतात. दुसरं कारण त्याचं पोट. पांढऱ्या-काळ्या चौकड्यांचं, रंगीत दाण्यांच्या कणसासारखं दिसतं. आपल्या सिल्लोड-कन्नडच्या मका उत्पादकांना ही ओळख लगेच पटेल. त्यांच्या शेतात उंदीर खाणारी धामण जे काम करते, तेच काम हा तिकडं करतो. दिसायला मात्र आपल्या तस्कर सापाशी जास्त जुळतो.

लांबी साधारण 3 ते 5 फूट. विष नाही. भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतो. अंगानं सडपातळ आणि स्वभावानं शांत, म्हणून जगभर नवशिक्यांना हाच साप सुचवतात. नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं जगतो.

हा शेवटचा आकडा परत वाचा. बावीस वर्षांचं पोरगं आज साप आणतंय. त्याचं लग्न होणार, लेकरं होणार, बदली होणार, आणि साप तरी घरातच असणार. मी मुलाला विचारलं, "सासरची माणसं बघायला येतील तेव्हा टँक कुठं ठेवणार?" तो हसला, पण त्याच्या आईनं मान हलवली.

रंगांचंही थोडं समजून घ्या, कारण धंद्याची सगळी जाहिरात रंगावरच चालते. 1953 साली नॉर्थ कॅरोलायनात काळं रंगद्रव्य नसलेला एक कॉर्न स्नेक सापडला. त्याच्या वंशातून लाल-केशरी सापांची ओळ पाळणाऱ्यांनी वाढवली. पुढं काळे-राखाडी, गुलाबी-पांढरे असे कितीतरी प्रकार तयार झाले. यातले बरेच रंग सुप्त गुणाचे. म्हणजे आई-बाप दोघांकडं तो गुण लपलेला असेल, तर सरासरी चार पिल्लांत एकात तो दिसतो. बाकीची तीन साध्या रंगाची. विक्रेता फोटो त्या एकाचा दाखवतो आणि हिशोब चारही पिल्लांचा त्याच भावानं लावतो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पहिल्या वर्षात काय शिकावं लागतं

मुलानं स्वतःच्या चुका न लपवता सांगितल्या, म्हणून मला तो आवडला.

पहिली चूक उष्णतेची. सापाचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून गरम राहत नाही. त्याला टँकची एक बाजू साधारण 29-30 अंशांची उबदार आणि दुसरी 24-25 अंशांची गार लागते, म्हणजे हवं तिकडं तो सरकतो. यानं खाली गरम होणारी मॅट टाकली, पण तापमान बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट लावला नाही. थोडक्यात पोट भाजायचं राहिलं. परदेशी व्हिडिओत सगळे साप गरम कसा ठेवायचा ते शिकवतात. आपल्या संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. इथं खरा प्रश्न साप गार कसा ठेवायचा हा आहे. लाईट गेली की दुपारभर काय करणार, याचं उत्तर आधी तयार पाहिजे.

दुसरी चूक झाकणाची. हिवाळ्यात एका रात्री साप टँकमधून निघून गेला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंच्या न्हाणीघरात सापडला. आरडाओरडा झाला, कुणीतरी काठी आणली. पडेगावात आजूबाजूला मोकळे प्लॉट, शेतं, झाडोरा आहे, खरे नाग-घोणस निघतात. लोकांनी घाबरणं चुकीचं नव्हतं. नशिबानं गल्लीतल्या एका समजदार माणसानं सर्पमित्राला फोन केला. सर्पमित्र बघून म्हणाला, "हा तस्करासारखा दिसतोय, पण आपल्याकडचा नाही. कुणाचा पाळीव आहे?" तेव्हा कुठं पोरगं पुढं आलं. त्या दिवसापासून टँकला दोन खटके आहेत आणि शेजारपाजारच्या चार घरांना साप असल्याचं माहीत आहे. आधी माहीत नव्हतं, ही खरी चूक.

तिसरी गोष्ट खाण्याची. कॉर्न स्नेकला उंदीरच लागतो. पिल्लाला पाच-सात दिवसांनी केस न आलेलं उंदराचं पिल्लू, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. बहुतेक पाळणारे गोठवलेले उंदीर आणतात आणि गरम पाण्यात पाकीट बुडवून वितळवतात. म्हणजे घरच्या फ्रीजरमध्ये उंदीर! या मुलाची आजी माळकरी. तिनं दोन दिवस घरात जेवण घेतलं नाही. शेवटी यानं पगारातून जुना छोटा फ्रीज घेतला आणि तो गच्चीवरच्या खोलीत ठेवला. नागपंचमीला ज्या घरात भाजी चिरत नाहीत, नांगर धरत नाहीत, त्या घरात साप पाळणं वरून सोपं वाटतं. साप दूध पीत नाही आणि उंदीर खातो, हे स्वयंपाकघराजवळ आलं की मग कळतं.

बाकी शिस्तीच्या गोष्टी अशा. खाल्ल्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर साप खाल्लेलं बाहेर टाकतो. डोळे दुधाळ झाले की कात टाकायची वेळ आली, तेव्हा त्याला त्रास द्यायचा नाही, थोडा ओलावा वाढवायचा. कात एका तुकड्यात निघाली म्हणजे सगळं ठीक. तुकड्या-तुकड्यानं निघाली तर ओलावा कमी पडतोय असं समजायचं. साप हाताळला की साबणानं हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर त्याच्यापासून लांबच ठेवा. आणि साप विकत घेण्याआधी शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, "साप तपासता का?" मुलाला हो म्हणणारा डॉक्टर सातव्या फोनला मिळाला.

कायदा: हे आधी वाचा

मी वकील नाही, पण धंदा शिकवणाऱ्याला कागद वाचावेच लागतात.

एक, भारतातला कुठलाही जंगली साप पकडून घरी ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. धामण असो, नाग असो, अजगर असो, बरणीत ठेवून रील काढली तरी गुन्हाच. अजगरासारख्या शेड्यूल एकमधल्या प्राण्यासाठी किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, वर किमान 25 हजार दंड. सर्पमित्रानं पकडलेला सापसुद्धा वनविभागाला कळवून सोडायचा असतो, संग्रहाला नाही. वास्तूसाठी म्हणून लोक जे चांदण्यांच्या पाठीचं कासव घरात ठेवतात, तेही बेकायदेशीरच आहे.

दोन, परदेशी प्राण्यांचं प्रकरण वेगळं. जून 2020 मध्ये केंद्र सरकारनं लोकांना सांगितलं की तुमच्याकडं असे प्राणी असतील तर सहा महिन्यांत स्वतःहून नोंद करा, कागद मागणार नाही. तिथून ही हौस जरा उघड्यावर आली. मग 2022 ची कायदादुरुस्ती आली, ती एप्रिल 2023 पासून लागू झाली. सायटीस नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या यादीतले प्राणी आपल्या कायद्याच्या शेड्यूल चारमध्ये आले. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात असेल तर परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. नवा प्राणी घेतला, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवायचं. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना या यादीत येतात.

तीन, कॉर्न स्नेक सायटीसच्या यादीत नाही. म्हणून ही नोंदणी त्याला लागत नाही. आणि नेमकं हेच वाक्य विक्रेते मोठ्यानं सांगतात: "कॉर्न स्नेक शंभर टक्के लीगल!" पण अर्धं सांगतात. परदेशातून जिवंत प्राणी आणायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, पशुसंवर्धन विभागाची आरोग्य परवानगी आणि क्वारंटाइन लागतं. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात केक-बिस्किटांच्या पाकिटांत 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक सापडले होते. महसूल गुप्तचर संचालनालयानं ती कारवाई केली. म्हणजे साप यादीत नसला तरी तो आला कुठून हा प्रश्न उरतोच. बिल नाही, मूळ नाही, तर तो माल चोरीच्या गाडीसारखा समजा. गाडी चालवायला बंदी नाही, पण ही गाडी कुणाची?

चार, पाळीव प्राण्यांचं दुकान चालवायचं तर 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते. फक्त मोबाईलवरून "डीएम करा" म्हणणाऱ्याला एकदा ही नोंदणी मागून बघा.

आता धंद्याचा हिशोब

मी मुलाला कागद-पेन दिला आणि त्याच्याच हातानं आकडे लिहायला लावले.

विक्रेत्याचा हिशोब असा होता. दोन माद्या, प्रत्येकी 12 पिल्लं, म्हणजे 24. प्रत्येकी 8 हजार, म्हणजे 1 लाख 92 हजार. एका वर्षात भांडवल वसूल, वर 72 हजार नफा. कागदावर शेळीपेक्षा भारी!

मी म्हणालो, "बरं. आता पिल्लं झाली असं धर. एका टँकमध्ये ठेवशील?" त्यानं स्वतःच मान हलवली. पिल्लं वेगवेगळी ठेवावी लागतात, एकत्र ठेवली तर एकमेकांना खाऊ शकतात. म्हणजे 24 डबे, 24 पाण्याच्या वाट्या. आठवड्याला 24 उंदराची पिल्लं, तीन महिन्यांत जवळपास 290. काही पिल्लं पहिल्यांदा खातच नाहीत, त्यांच्यामागं लागावं लागतं. अंडी दोन महिने ठरावीक तापमानात उबवायची, त्याचं यंत्र वेगळं. रात्रपाळी करून हे कोण करणार? आई?

मग मी खरा प्रश्न विचारला. "हा विक्रेता तुझ्यासारख्या किती जणांना जोड्या विकणार?" समजा 50 जणांना विकल्या. 100 माद्या, 1200 पिल्लं. कंपनी पुढं ती कुणाला विकणार? नव्या जोड्या घेणाऱ्यांनाच. दोन-तीन वर्षांत त्या 1200 मधल्या अर्ध्या माद्या मोठ्या होणार. 600 माद्या, 7200 पिल्लं. "आता सांग, पडेगावपासून चिकलठाण्यापर्यंत स्वतःच्या पैशानं, फक्त हौसेसाठी साप विकत घेणारी माणसं किती असतील?"

पोरगं बराच वेळ कागदाकडं बघत बसलं.

मंडळी, हा हिशोब मला पुस्तकातून आलेला नाही. 2011 च्या सुमाराला मी स्वतः इमूच्या तीन जोड्या घेतल्या होत्या. तेल विकलं जाईल, मांस विकलं जाईल, पिसं विकली जातील, कंपनी पिल्लं परत घेईल. पहिल्या वर्षी घेतलीही. कारण तेव्हा नवीन शेतकरी येत होते. नवीन येणं थांबलं तशी कंपनी फोन उचलेनाशी झाली. पक्षी मात्र रोज खात होते. 2012 मध्ये तामिळनाडूतला इमूचा मोठा घोटाळा बाहेर आला, 2019 मध्ये सांगलीकडं कडकनाथ कोंबडीचं तेच झालं. जनावर बदललं, पद्धत तीच.

म्हणून माझा एक नियम आहे, लिहून ठेवा: ज्या धंद्यात तुमचं शेवटचं गिऱ्हाईक हा पुढचा गुंतवणूकदारच आहे, तो धंदा नाही. शेळीचं बोकड बकरी ईदला कापलं जातं, रविवारी मटण म्हणून खाल्लं जातं. तिथं शेवटचं गिऱ्हाईक आहे. सापाच्या पिल्लाला तसं रोजचं गिऱ्हाईक नाही. आणि न विकलेलं पिल्लू बाजारभावानं काढून टाकता येत नाही, ते पुढची 15-20 वर्षं खात राहतं.

काही लोक म्हणतील, मग रानात सोडून देऊ. अजिबात नाही! पुण्या-मुंबईच्या तळ्यांत आज लाल पट्टीची परदेशी कासवं दिसतात, ती सगळी कुणाच्या तरी टँकमधून सोडलेली. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळलेले कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले आणि तिथल्या स्थानिक सरड्यांचा त्यांनी फडशा पाडला. आपली चूक निसर्गाच्या गळ्यात घालायची नाही.

मग आवडीचं काय करायचं?

आवड वाईट नाही. हे मी ताईंनाही सांगितलं. ज्या पोरानं दीड वर्ष नियमानं वजन लिहून ठेवलं, खाण्याच्या तारखा लिहिल्या, कातीचे फोटो जपले, त्याच्यात शिस्त आहे. त्याची वही बघून मला वाटलं, माझ्या बॅचमधल्या निम्म्या शेळीपालकांनी अशी नोंदवही ठेवली तर त्यांचं नुकसान अर्धं होईल. हौसेनं जे शिकवलं ते कुठंही कामाला येतं. फक्त हौसेचा खर्च हौसेच्या खात्यातून करायचा, आईच्या गटाच्या कर्जातून नाही.

मी त्याला एकच काम दिलं. विक्रेत्याकडं तीन गोष्टी माग. पहिली, त्या जोड्यांचं मूळ कुठलं, त्याचे कागद. दुसरी, दुकानाची नोंदणी. तिसरी, गेल्या वर्षी ज्यांची पिल्लं परत घेतली अशा पाच जणांचे फोन नंबर, आणि हे पाचही जण स्वतः जोड्या विकणारे नसावेत.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. पहिल्या दिवशी विक्रेता म्हणाला, "पाठवतो." चार दिवसांनी म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू द्या, लाईनमध्ये खूप जण आहेत." त्यानंतर नंबर ब्लॉक.

तुम्हालाही साप, सरडा, कासव, पक्षी, काहीही पाळायचं असेल तर घेण्याआधी हे पाच प्रश्न स्वतःला विचारा:

1. हा प्राणी कायद्यानं ठेवता येतो का, आणि तो कुठून आला याचा कागद माझ्या हातात आहे का?
2. हा किती वर्षं जगतो, आणि तेवढी वर्षं मी कुठं असेन?
3. उन्हाळ्यात लाईट गेली तर काय करणार?
4. याला तपासणारा डॉक्टर माझ्या गावात आहे का?
5. घरातली आणि शेजारची माणसं खरंच हो म्हणालीत, की मी त्यांना विचारलंच नाही?

पाचपैकी एकाचंही उत्तर अडलं तर थांबा. थांबण्यात काही जात नाही. सिद्धार्थ उद्यान आहे, कात्रज आहे, गावातल्या जाणत्या सर्पमित्राकडून साप ओळखायला शिकणं आहे. नाग आणि धामण यातला फरक कळणारा एक माणूस गल्लीत असला, तरी उद्या एखाद्याचा जीव वाचतो आणि एखाद्या सापाचाही.

परवा ताई पुढच्या बॅचची चौकशी करायला आल्या होत्या. गटाचे पैसे गटातच आहेत, दिवाळीनंतर पाच शेळ्या घ्यायचा विचार आहे. मी विचारलं, "पोरगं काय म्हणतंय?"

"काय म्हणणार सर. पैसे वाचले, पण साप घरातच आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "काल कात टाकली त्यानं. पूर्ण एका तुकड्यात. मलाच आधी दिसली."

तुमच्या गावात अशी परत-खरेदीची कुठली योजना फिरत असेल, मग ती सापाची असो, सशाची असो की कोंबडीची, पैसे देण्याआधी त्यांना ते तीन कागद मागा. आणि काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात शेळीच्या विम्यावर बोलू.

हिशोब लिहीत राहा.